कोरी गादी

चैत्र लागला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गाद्या चढतात. लिफ्टमध्ये मावत नाहीत, म्हणून नवराबायको मिळून जिन्यातून नेतात, वळणावर अडकतात, एकमेकांवर खेकसतात आणि शेवटी घामाघूम होऊन टाकीच्या शेजारी त्या आडव्या करतात. हल्लीच्या फोमच्या गाद्यांना ऊन दाखवू नये, असं त्यांच्याबरोबर आलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं. पण पापड, मिरच्या आणि गाद्या उन्हात पडल्याशिवाय चैत्र आला असं आमच्या नवीन पनवेलमध्ये कुणाला वाटतच नाही. परवा मी कपडे वाळत घालायला वर गेले, तर ओळीने सात-आठ गाद्या पसरलेल्या. त्यातल्या एकीवर अजून दुकानाचं प्लास्टिक. मी बादली तिथेच ठेवली आणि खाली निघून आले. कपडे संध्याकाळी सुहासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वाळत घातले.

आई गेल्याला तीन-साडेतीन वर्षं झाली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचा शेवटचा उन्हाळा दर चैत्रात माझ्या दारात येऊन उभा राहतो, आणि त्याला घरात घ्यावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. यंदा घ्यायचं ठरवलंय.

त्या वर्षी शेजारची इमारत पाडायला घेतली होती. सकाळी नऊला ब्रेकर सुरू व्हायचा तो संध्याकाळी सहापर्यंत. कपाटातल्या बरण्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. देवघरातली घंटा हलायची. धूळ इतकी, की कणीक मळताना दाताखाली काय येणार ते आधीच कळायचं. वैताग सगळ्यांनाच आला होता, पण आम्ही वैतागून का होईना झोपत होतो. आईंची झोप मात्र उडाली ती उडालीच.

खरं तर झोप हा आईंचा प्रांत. एसटी स्टँडच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला, कुठेही त्या बसल्या बसल्या गाढ झोपत आणि आरतीला बरोबर जाग्या होत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पहिला हेवा वाटला तो त्यांच्या पाटल्यांचा नव्हे, त्यांच्या झोपेचा. दुपारचं जेवण झालं, ओटा पुसला, पदर सारखा केला की आडवं व्हायचं. पाठ टेकते न टेकते तोच घोरणं सुरू. मी चिडवायचे, "आई, तुम्हाला बटण आहे झोपेचं." त्या म्हणायच्या, "मन साफ असलं की लागते गं." हे त्यांनी मला टोचून म्हटलंय की सहज, यावर मी अठ्ठावीस वर्षं विचार केला.

झोप गेली की माणूस कसं उसवत जातं, ते मी त्या चैत्रात पाहिलं. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी त्या समोर उभ्याच. सुहासला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि चूक लक्षात आल्यावर त्यालाच रागावल्या. चष्मा सापडत नाही म्हणून लहान मुलीसारख्या रडल्या, आणि चष्मा डोळ्यांवरच होता. एक्याऐंशीचं वय. डॉक्टर म्हणाले, "झोप मिळाली नाही तर हे वाढत जाणार. गोळी वाढवली तर धडपडतील, हाड मोडेल. शांत जागा बघा, आणि पाठीला नीट आधार देईल अशी गादी घ्या." वाण्याची यादी ऐकावी तसं आम्ही ते ऐकून घेतलं. मला मात्र आतून भीती वाटत होती. आईंच्या शरीराची नव्हे, डोक्याची. त्या आम्हाला ओळखेनाशा झाल्या तर काय, हा प्रश्न मी आणि सुहास दोघंही तोंडातून काढत नव्हतो.

शांत जागा. आता हसू येतं. आजकाल माझ्या मोबाइलवर जाहिराती येतात: डोंगराच्या कुशीत तीन दिवस, फोन बंद, उत्तम गादी, गाढ झोपेची हमी. झोपसुद्धा आता शिबिराला जाऊन घ्यायची. तेव्हा आम्ही आमच्या परीने तेच शिबिर शोधत होतो. सुहासचे एक मावसभाऊ गव्हाणला राहतात, तिथे जाऊन आलो. दारावरून डंपर जात होते, वहिनी चहा देताना ओरडून बोलत होत्या आणि आपण ओरडतोय हे त्यांना कळतही नव्हतं. ओव्याला माझी मैत्रीण आहे. तिच्या खिडकीतून पूर्वी भातखाचरं दिसायची, आता समोरच्या टॉवरमधल्या माणसाचा टीव्ही दिसतो. शेवटी सुहासच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं, चिरनेरला माझी आत्या एकटी असते, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. सुहासचं ऑफिस उरणच्या बंदराकडे. त्याला ते जवळ पडत होतं. तो रात्री आईंजवळ राहणार, दिवसा हिराबाई, म्हणजे त्या आत्या, लक्ष ठेवणार, आणि मी कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी सांभाळून एक दिवसाआड दुपारी जाणार, असं ठरलं. सगळं किती व्यवस्थित. आईंना आम्ही विचारलं का? सांगितलं. विचारलं नाही.

जागा खरोखर छान होती. मागे डोंगर, परसात दोन रायवळ आंबे, एक फणस, शेवग्याचं झाड. शेणाने सारवलेली पडवी. दुपारी एवढं शांत, की आंबा पडला तर आवाजावरून पिकला की कच्चा ते हिराबाई आतून सांगायच्या. मी पहिल्या दिवशी तिथे पाच मिनिटं उभी राहिले आणि मलाच जांभई आली.

आता गादी. आईंची जुनी गादी कापसाची, मध्ये खळगा पडलेली. पूर्वी गल्लीत पिंजारी यायचा, धनुकलीच्या तारेचा टणत्कार ऐकू आला की आई गॅलरीतून हाक मारायच्या. तो यायचा बंद झाला त्यालाही जमाना लोटला. जुन्या पनवेलमध्ये तळ्याजवळ एक म्हातारे गादीवाले आहेत, त्यांच्याकडे आम्ही ती घेऊन गेलो. त्यांनी शिवण उसवून मूठभर कापूस बाहेर काढला, चिमटीत चोळला आणि म्हणाले, "भाभी, हा कापूस मेला. पिंजून पण आता फुलायचा नाही. पोरांना फोमची घेऊ द्या." आईंनी तो कापूस त्यांच्या हातातून घेऊन परत गादीत कोंबला.

मग हायवेवरचं शोरूम. तिथला सेल्समन मला प्रत्येक गादीवर आडवं व्हायला लावत होता. "मॅडम, डोळे बंद करा, फील घ्या. ही बॉडीचा शेप पकडते. ही ऑर्थो आहे, आजींना हीच द्या." एसी गार, संगीत हळू, एप्रिलमधली भर दुपार. चौथ्या गादीवर माझा खरंच डोळा लागला. सुहासने हलवून उठवलं तेव्हा लाज वाटली. त्या अख्ख्या मोसमातली माझी सर्वांत चांगली झोप ती दहा मिनिटांची.

गादी टेम्पोने परस्पर चिरनेरला गेली. पांढरीशुभ्र, जाडजूड, वर जाड प्लास्टिक. सुहास प्लास्टिक फाडायला लागला तर मी थांबवलं. आईंना कधीकधी कळायचं नाही, कपडे ओले व्हायचे. म्हटलं, असू दे, वर चादर घालू, गादी खराब नको व्हायला. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लास्टिक असतं, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आई दाराशी खुर्चीत बसून लसूण सोलत होत्या. "बघा तरी, आई, किती मऊ आहे." त्यांनी मान वर करून पाहिलं. "छान आहे," म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

त्या गादीवर आई झोपल्याच नाहीत. सुहास सांगायचा, रात्री खाटेवर टेकतात, मी झोपलो असं वाटलं की उतरून चटईवर आडव्या होतात. एक्याऐंशीच्या बाईने जमिनीवर झोपायचं, आणि सकाळी गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत उठायचं. डोळ्यांखाली काळं झालेलं. बोलण्यात अजून घोळ. मी जायचे त्या दुपारीही तेच. चादरीला एक सुरकुती नाही. मी आधी समजावलं, मग लाडीगोडी लावली, मग एक दिवस माझा तोल गेला.

"आई, आम्ही एवढी धावपळ कोणासाठी करतोय? मी घर, नोकरी, इथे येणं, सगळं करते, आणि तुम्ही साधं गादीवर झोपायला तयार नाही! हट्टाला काही सीमा?"

"मला खालीच बरं वाटतं."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना? डोक्यावर परिणाम होईल."

"झाला तर झाला. फार दिवस नाही लागणार तुम्हाला."

हे त्या कुजकटपणे म्हणाल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या अगदी हळू, समजूत घातल्यासारखं म्हणाल्या. मी पिशवी उचलली आणि सहा आसनी रिक्षात जाऊन बसले. पनवेल येईपर्यंत मनात त्यांच्याशी भांडत राहिले, आणि प्रत्येक भांडण मीच जिंकले.

वैशाख म्हणजे त्या भागात लग्नांचा मोसम. शांततेसाठी माणूस न्यायचं आणि नेमकं हळदीच्या दिवसांत आगरी गावात न्यायचं, ही आमची अक्कल. समोरच्या घरी हळद होती, डीजे लावलेला. सुहासने फोनवर सांगितलं, आणि त्याला नेमकं त्या रात्री ऑफिसातच थांबायचं होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून सकाळीच पोचले. आता आईंचं काय झालं असेल, या विचाराने रस्ताभर हैराण होते. हिराबाई पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. आई आत अंघोळीला गेलेल्या.

"वयनी, इकडं बसा जरा," हिराबाई म्हणाल्या. "एक बोलू? रागावू नका."

"बोला ना."

"म्हातारी काल माझ्या पडवीत निजली. इथं, बायांच्या मदी. डीजे चालू, बाया गातान, पोरी नाचतान, आन् ही घोरते! सकाळ झाली तरी उठली नाय. मी बोलली, आये, तुला आवाजात झोप येते, मंग आत खोलीत काय होतंय? तं बोलते, आत ती गादी हाय."

"गादीचं काय?"

हिराबाईंनी सूप खाली ठेवलं. "बोलते, ती माझी नाय. माझ्या मागनं बामनाला द्यायला आनलीय. कोरी ठेवलीय, प्लास्टिक पन काडलं नाय. मी निजले तं बाटंल, सुनेला परत दुसरी घ्यायला लागंल. मी बोलली असं नसतं कवा. तं बोलते, तुला नाय म्हाईत."

मला आधी कळेचना, आणि कळलं तेव्हा कान तापले. आमच्याकडे माणूस गेलं की दिवसवारात शय्यादान करतात. खाट, गादी, उशी, चादर, छत्री, चपला. गेलेल्याला पुढच्या वाटेवर लागेल ते ते गुरुजींना द्यायचं. गादी कोरीच लागते. कुणाचं अंग लागलेली चालत नाही. म्हणजे महिनाभर त्या स्वतःच्या तेराव्याची गादी उशाशी घेऊन त्या खोलीत राहत होत्या. गावाबाहेर नेलेल्या, परक्या घरात ठेवलेल्या, एक दिवसाआड भेटायला येणाऱ्या सुनेची वाट बघत. आणि त्यातही त्यांना काळजी कसली, तर गादी बाटून सुनेचा खोळंबा व्हायला नको.

माझा पहिला भाव रागाचा होता, हे कबूल करते. अठ्ठावीस वर्षं राबले आणि ही किंमत? मी त्यांच्या मरणाची तयारी करतेय असं वाटलं त्यांना? हिराबाईंसमोर मी तसं म्हणालेही. त्या परत सुकट निवडायला लागल्या. त्या सुपाच्या आवाजात मला माझंच एक वाक्य ऐकू आलं.

सुहास प्लास्टिक फाडत होता तेव्हा मी फक्त "खराब होईल" एवढंच म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, "राहू दे रे, नंतर कुणाच्या तरी उपयोगी पडेल." आई चार हातांवर लसूण सोलत होत्या.

नंतर म्हणजे कशानंतर? मी विचार करून बोलले नव्हते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. पण विचार न करता तोंडातून निघतं तेही कुठून तरी निघतंच. शोरूममध्ये त्या माणसाने दोन गाद्या समोर ठेवल्या होत्या, एक पुष्कळ वर्षं टिकणारी, एक थोडी. "आजींसाठी ना? मग ही पुरे," असं तो म्हणाला नव्हता. मी म्हणाले होते. पैशाचा प्रश्न नव्हता, दोन्हींत फार फरकही नव्हता. मी उभ्या उभ्या आईंची वर्षं मोजली आणि तेवढ्या वर्षांची गादी घेतली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही, आणि हेच मला आता सहन होत नाही.

आई अंघोळ करून आल्या, ओले केस पाठीवर सोडलेले. ते केस इतके विरळ झालेत हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. मी उठले. आत गेले, चादर ओढून काढली आणि नखांनी प्लास्टिक फाडायला लागले. जाड होतं, सुटेना. हिराबाईंचा कोयता आणला. चरचर आवाज करत ते निघालं तेव्हा आई दारात येऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यातल्या टोपलीतले दोन रायवळ आंबे मी घेतले, गादीच्या मधोमध मांडी घालून बसले आणि एक आंबा चोळून मऊ करून तोंडाला लावला. रस हनुवटीवरून गादीवर टपकला. मी पुसला नाही.

"अगं मेधा! डाग! आंब्याचा डाग जात नाही गं!" आई धावल्याच. पदराने पुसायला लागल्या. मी त्यांचा हात धरला आणि दुसरा आंबा त्यांच्या हातात दिला.

"पुसू नका. झाली बाटून. आता ही कुणालाच देता येणार नाही. बसा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हिराबाईंच्या दिशेने बघितलं. पडवीतून सुपाचा आवाज येत होता, जरा जास्तच. आई खाटेच्या कडेवर टेकल्या. बराच वेळ आंबा नुसता दोन्ही हातांत फिरवत राहिल्या, आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

"सुहासचे बाबा दवाखान्यात होते ना, तेव्हा गणपती तोंडावर आलेले. गादीवाल्याकडे ही गर्दी. डॉक्टर म्हणाले होते काही खरं नाही. मी घरी येताना वाटेत त्याला सांगून आले, एक गादी भरून ठेवा. तो म्हणाला, कुणासाठी? मी म्हटलं, पाहुणे यायचेत." त्या थांबल्या. "परत गेले तर हे उठून बसलेले. चांगले शुद्धीवर. मला म्हणाले, कुठे गेली होतीस एवढा वेळ, चहा आण. मी चहा आणला. त्यांनी घेतला. चार दिवस होते ते त्याच्यानंतर. चार दिवस मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही नीट. गादी तयार आहे हे मला माहीत होतं ना."

बाहेर समोरच्या घरी मांडवाच्या कमानीला फुलं बांधत होते. कुणीतरी मोठ्याने हसलं.

"म्हणून मला वाटलं," आई म्हणाल्या. "मी केलं ते तूही केलंस. माझं पाप मी तुझ्या अंगावर टाकलं. तू एवढं मनापासून आणलीस आणि मी महिनाभर तुझ्याबद्दल वाईट धरून बसले." आणि त्या बाईने, जिने अठ्ठावीस वर्षांत मला चहात साखर जास्त झाली हेसुद्धा कधी स्वतःची चूक म्हणून सांगितलं नव्हतं, माझ्यासमोर हात जोडले. "माफ कर मला."

हाच क्षण होता. मला फक्त म्हणायचं होतं, आई, तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. त्यांनी त्यांचं सांगितलं होतं; माझं सांगायला जागा करून दिली होती. शब्द जिभेवर होते. मी त्यांचे चिकट हात माझ्या हातांत घेतले आणि खाली केले.

"असू दे हो आई," मी म्हणाले. "मनात आणू नका."

त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मला बघवेना. तिथेच, ओल्या डागाशेजारी, त्या आडव्या झाल्या. पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागल्या. दुपारी जेवायलाही उठल्या नाहीत.

आम्ही त्यांना लवकरच गादीसकट घरी आणलं, ब्रेकर चालू असतानाच. त्या झोपत होत्या. चष्मा जागेवर राहू लागला, सुहासला सुहास म्हणू लागल्या. कार्तिकात एका दुपारी त्या गादीवर झोपेतच गेल्या. भेटायला आलेल्या प्रत्येकीने माझा हात धरून सांगितलं, भाग्याचं मरण आलं, सुनेने शेवटी सुखाची झोप दिली हो. त्या वैशाखापासून कार्तिकापर्यंत रोज दुपारी त्या माझ्या शेजारच्या खोलीत होत्या, आणि रोज दुपारी मी उद्या सांगू म्हणाले. माफी मागायची होती मी. मागितली त्यांनी, आणि मी ती मोठ्या मनाने दिली.